लाल रंगाखालचा निळा रंग

मोसंबीच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून आमच्याकडे २४ एचपीचा मिनी आहे. रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) मारून मारून माती पिठासारखी झाली होती, पाऊस पडला की वर पापुद्रा धरायची. म्हणून मागच्या दिवाळीआधी डिस्क हॅरो, म्हणजे गोल तव्यांनी माती फोडणारं अवजार, बघायला तालुक्याला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही.

दुकानदार म्हणाला, "दहा तवे, १८ इंची, पाच एमएम जाड, बोरॉन स्टील, वजन २६० किलो." बोरॉन स्टील म्हणजे कडक पोलाद. तव्यावर तसं स्टिकरही होतं. भाव ४८ हजार. मी रंग बघितला, स्टिकर वाचलं आणि पैसे मोजले. वजन करून बघायचं डोक्यातही आलं नाही. कापूस विकताना पाच किलोवरून भांडणारा मी!

अनुदानाचं विचारलं तर म्हणे, "आधी घेऊन जा दादा, फाईल नंतर टाकू." याच वाक्याला उठून यायला हवं होतं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज, निवड, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी, असा तो क्रम आहे. आधीच्या तारखेचं बिल तिथं चालत नाही. माझ्याकडे तर पक्कं बिलही नव्हतं. साध्या कागदावर 'शेती अवजार १ नग' एवढंच, ना जीएसटी नंबर, ना अवजाराचा नंबर.

सोयाबीन निघालं, वापसा आला म्हणजे माती मशागतीजोगी झाली, हरभऱ्यासाठी रान करायला लागलो. हॅरो वरच्या वर नाचत चालला. फोन केला तर उत्तर आलं, "वर दोन दगड ठेवा, नाहीतर पोरगं बसवा." पोरगं! तोल गेला तर थेट तव्याखाली. असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

नांगराचा फाळ ओढला की आपोआप मातीत शिरतो, तव्यांचं तसं नसतं. तवा शिरतो तो अवजाराच्या वजनानं आणि दोन्ही गँगच्या, म्हणजे एका शाफ्टवर ओवलेल्या तव्यांच्या रांगांच्या, कोनानं. कोन वाढवला तर थोडा खोल गेला, पण ट्रॅक्टर दम टाकायला लागला. तिसऱ्या दिवशी बांधाकडच्या मुरमात दोन तव्यांच्या कडा पापडासारख्या वळल्या.

मग टेम्पोत टाकून जिनिंगच्या वजनकाट्यावर नेला. २१० किलो. पन्नास किलो लोखंड कुठं गेलं, ते दुकानदारालाच माहीत.

तिथून लेथवाल्याकडे. त्यानं तव्याच्या कडेवर कानस ओढली. कानस लोखंडात रुतली, बारीक कीस पडला. कडक तव्यात ती एवढ्या सहज रुतत नाही, म्हणाला. जाडी भरली ३.४ एमएम. मग त्यानं बेअरिंगचं घर खोललं. आत वाळून काळं पडलेलं ग्रीस, त्यात माती, आणि लाल रंगाच्या खाली निळा रंग. चौकोनी शाफ्टच्या कडा गोल झालेल्या. म्हणजे कुणाच्या तरी जुन्या अवजाराच्या गँग माझ्या 'नव्या' हॅरोला जोडल्या होत्या.

दुकानदारानं हात वर केले. कागद नाही तर तक्रार कशावर करणार?

शाफ्ट, बेअरिंग आणि सगळे तवे बदलले. गँगमधले एक-दोनच तवे बदलू नका, व्यास कमी-जास्त झाला की रान वरखाली होतं. आता पहिल्या दिवशी दोन-तीन तासांनी गँगचा नट परत आवळतो, कारण नवा रंग झिजला की तवे ढिले पडतात आणि तव्याचं चौकोनी भोक शाफ्टवर फिरून झिजतं. ग्रीस रोज. तवे जमिनीत असताना वळण घेत नाही. हंगाम संपला की तव्यांना जुनं ऑईल फासून हॅरो छपराखाली.

नवे तवे घ्यायला दुसऱ्या दुकानात गेलो होतो. तिथल्या दुकानदारानंही स्टिकर लावलेला माल पुढं केला. मी पिशवीतून कानस काढली. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि पोराला हाक मारली, "अरे, दादांना तो नको, आतला माल दाखव."