गिटार पेडलसाठी ६०० नगांचा पाव वॉट रेझिस्टर डबा: कुठे पुरतो, कुठे नाही

बेळगावात टीव्ही आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत रेझिस्टर मिळतात, पण जास्त करून कार्बन फिल्म, पाच टक्क्यांचे (म्हणजे व्हॅल्यू इतकी इकडेतिकडे असू शकते). पेडलला लागणारी प्रत्येक व्हॅल्यू एकाच दुकानात सापडेल याची खात्री नाही. त्यामुळे निपाणी, चिकोडी, खानापूरकडे बसून पेडल बांधणाऱ्याला ऑनलाइन मिळणारा हा डबा सोयीचा वाटतो: ३० व्हॅल्यू, प्रत्येकी २० नग, मेटल फिल्म, एक टक्का, पाव वॉट.

पहिली शंका वॉटची असते. पाव वॉट पुरेल का, की अर्धा घ्यावा? रेझिस्टरच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि ओहमने भागायचं, वॉट मिळतात. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये अख्खे ९ व्होल्ट १ केवर (के म्हणजे हजार ओहम) पडले असं धरलं तरी ८१ मिलिवॉट होतात. १० केवर ८. पाव वॉट म्हणजे २५० मिलिवॉट. निम्म्या क्षमतेवरच चालवायचा नियम पाळला तरी साधारण ६५० ओहमच्या वरचा कुठलाही रेझिस्टर ९ व्होल्टवर निर्धास्त वापरावा. त्याहून लहान व्हॅल्यूवर सर्किटमध्ये क्वचितच पूर्ण व्होल्टेज येतं. फझ फेस या पेडलमधला ४७० ओहमचा रेझिस्टर ८.२ केच्या रांगेत बसतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला फार तर अर्धा मिलिवॉट येतो. एलईडीला ४.७ के लावला तर दीड मिलिअँपिअर जातो, १० मिलिवॉट. पेडल १८ व्होल्टवर चालवलं की हे सगळे आकडे चौपट किंवा थोडे जास्त होतात, तरी बायसच्या, म्हणजे सप्लायचं निम्मं व्होल्टेज देणाऱ्या, १० के जोडीला काही होत नाही.

म्हणजे हिशेबाने वन-बाय-एट वॉटही चालला असता. तरी आमची शिफारस पावचीच, कारण तो हाताला बरा. साधारण सहा मिलिमीटर लांबीचं अंग, आडवा बसवला तर झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) दोन पायांत चार घरांचं अंतर. वन-बाय-एटवर रंगांचे पट्टे वाचताना डोळे दुखतात. अर्धा वॉट घेऊन आवाज जाड होत नाही, बोर्डवर फक्त जागा जाते.

आता जिथे वॉट खरोखर मोजावे लागतात ती जागा. बऱ्याच पेडलमध्ये अॅडॅप्टरच्या जॅकनंतर १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ग्राउंडकडे उलटा डायोड असतो. नेहमीच्या वापरात त्यातून पाच मिलिअँपिअर गेले तर अडीच मिलिवॉट, काहीच नाही. पण कुणी उलटा, म्हणजे मधली पिन पॉझिटिव्ह असलेला, अॅडॅप्टर खोचला की डायोड चालू होतो आणि ८.३ व्होल्ट सरळ त्या १०० ओहमवर पडतात: जवळजवळ ०.७ वॉट. पाव वॉटचा रेझिस्टर तपकिरी पडतो, वास सोडतो आणि शेवटी तुटतो किंवा त्याची व्हॅल्यू सरकते. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर असेल तर १.२८ वॉट, तिथे एक वॉटवालाही कमी पडतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात शो करणाऱ्या बँडच्या पिशवीत कीबोर्डचे, राउटरचे, पेडलचे अॅडॅप्टर एकत्र कोंबलेले असतात, त्यामुळे हा धोका कागदावरचा नाही. या जागी डब्यातला रेझिस्टर भरवशाचा नाही. त्यापेक्षा १एन५८१७ डायोड पॉझिटिव्ह तारेत सरळ जोडा. थोडं व्होल्टेज जातं, पण अॅडॅप्टर उलटा लागला तर करंटच जात नाही.

डब्याची खरी अडचण व्हॅल्यूंच्या निवडीत आहे. १० ओहमपासून ६८० ओहमपर्यंत १२ व्हॅल्यू, म्हणजे ६०० पैकी २४० नग, पेडलवाल्याच्या फारसे कामाचे नाहीत. एलईडी आणि मायक्रोकंट्रोलरचे प्रयोग डोळ्यांसमोर ठेवून ही निवड केलेली दिसते. उलट ८.२ के, २२ के, ३३ के, ३९ के, ५१० के आणि २.२ मेग (मेग म्हणजे दहा लाख ओहम) यांतलं एकही नाही. फझ फेस करायला बसलात तर ३३ के आणि ८.२ केसाठीच अडाल. ट्यूब स्क्रीमर या पेडलचा ५१ के आहे, ५१० के नाही. १० के आणि १०० के मात्र वीस-वीसच, ते सगळ्यांत आधी संपतात. डबा घ्या खरं, सोबत या दोन्हींचे पन्नास-पन्नास आणि वरच्या सहांचे दहा-दहा सुटे मागवा.

निळ्या अंगावर तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. त्यात पाच पट्ट्यांचा रेझिस्टर उलट्या बाजूने वाचला की घोळ होतो. १० के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी. तोच उलटा वाचला तर १२० ओहम, आणि १ के उलटा वाचला तर ११० ओहम. पाकिटावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, प्रत्येक नग मल्टिमीटरवर बघूनच बसवा. बायसच्या जागी १० केऐवजी १०० ओहमची जोडी लागली तर ४५ मिलिअँपिअर खेचले जातात. प्रत्येकावर ०.२ वॉट पडतात, रेझिस्टर चांगलेच तापतात पण पाव वॉटच्या आत असल्यामुळे जळत नाहीत, आवाजही येतो. कळतं ते बॅटरी काही तासांत बसल्यावर.

पायांबद्दलही तक्रार आहे. बारीक आहेत आणि टोकाला चुंबक चिकटतो, म्हणजे आत लोखंड. आवाजात फरक नाही, पण वाकवले की मागे उसळतात आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात कापलेली टोकं गंजतात. पाकिटं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पाय काळपट दिसले तर ब्लेडने खरवडूनच शिसं लावा. न खरवडता लावलेलं शिसं गोळा होऊन बसतं आणि जोड कोरडा राहतो.

व्हॉल्व्हचं (काचेच्या नळीचं) प्रीअँप करणाऱ्यांनी हा डबा हाय व्होल्टेजच्या बाजूला वापरू नये. तिथे वॉटबरोबर व्होल्टेजची मर्यादाही आड येते, पाव वॉटच्या मेटल फिल्मला ती बहुधा २५० व्होल्ट असते. व्हॉल्व्हच्या प्लेटला जोडलेल्या १०० केच्या रेझिस्टरवर एरवी १०० व्होल्ट, म्हणजे ०.१ वॉट. पण व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला तर २५० व्होल्टच्या सप्लायवर तेच ०.६२५ वॉट होतात. एक वॉटचे, व्होल्टेजची मर्यादा विचारून घेतलेले वेगळे रेझिस्टर आणा, आणि हात घालण्याआधी सप्लायचे कपॅसिटर डिस्चार्ज करा.