कोल्हापुरातील एका डायलिसिस केंद्राचा फ्लू-लसीचा नियम: सव्वा वर्षाचा अनुभव

माझ्या आईचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या केंद्रात होते. तिचे वय ७४ आहे. मंगळवार पेठेतून तिला रिक्षाने नेणे, चार तास बाहेरच्या बाकावर बसणे आणि परत आणणे हा माझा ठरलेला क्रम आहे. केंद्रातील यंत्रे, स्वच्छता, बिलाची पद्धत यांविषयी माझी फारशी तक्रार नाही. ज्या कारणासाठी आम्ही हे केंद्र निवडले, त्या एकाच गोष्टीचे परीक्षण मी येथे करतो: रुग्णांजवळ काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घेतलीच पाहिजे, असा या रुग्णालयाचा नियम आहे. त्यातील उणिवांची लेखी तक्रार मी व्यवस्थापनाकडे दिलेली आहे आणि तिचा निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून रुग्णालयाचे नाव येथे देत नाही.

गेल्या वर्षी जुलैपर्यंत आई दुसऱ्या एका केंद्रात जात असे. तेथील एक तंत्रज्ञ सलग दोन पाळ्या खोकत काम करत होता. मी विचारल्यावर त्याने साधी सर्दी असल्याचे सांगितले, आणि रजा घेतली तर पगार कापला जातो हेही त्याने लपवले नाही. तीन दिवसांनी आईला ताप आला, तपासणीत इन्फ्लुएन्झा, म्हणजेच फ्लू, निघाला आणि त्यानंतरचे नऊ दिवस तिला रुग्णालयात काढावे लागले. त्या तंत्रज्ञामुळेच तिला संसर्ग झाला असे मी सिद्ध करू शकत नाही; घरातून, रिक्षातून, बाकावर शेजारी बसलेल्या माणसाकडूनही तो आला असू शकतो. परंतु डायलिसिस करणारा माणूस रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर वाकून सुया टोचतो आणि चार तासांत पाच-सहा वेळा पुन्हा जवळ येतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझी अस्वस्थता समजेल. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण असते, आणि लसीला त्याच्या शरीराकडून मिळणारा प्रतिसादही निरोगी माणसापेक्षा कमी असतो. म्हणून अशा रुग्णाला स्वतःची लस देऊन आपले काम संपत नाही. त्याच्याभोवती वावरणाऱ्यांनी ती घेतलेली असणे त्याच्यासाठी अधिक मोलाचे ठरते.

ऑगस्टमध्ये आम्ही केंद्र बदलले, आणि या वर्षीच्या मे महिन्यात तेथील लसीकरण मला जवळून पाहता आले.

मी पंचवीस वर्षे औषधांच्या घाऊक व्यापारात काढली असल्यामुळे माझे लक्ष सर्वांत आधी शीतसाखळीकडे, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेकडे, गेले. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. ती गोठली तर टाकूनच द्यावी लागते. कोल्हापुरात मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की झाडे पडतात, तारा तुटतात आणि काही भागांत तासन्‌तास वीज नसते. येथे लसीचा शीतकपाट जनित्राला जोडलेला होता आणि त्याच्या दारावर सकाळ-संध्याकाळच्या तापमानाची नोंद असलेला तक्ता टांगलेला होता. मी विनंती केल्यावर औषधविभागातील मुलाने मला खोक्यावरचा मजकूरही वाचू दिला. तो याच वर्षीच्या दक्षिण गोलार्धाच्या हंगामासाठीचा साठा होता, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस वर्षातून दोनदा करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला तरी महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून एप्रिल-मेमध्ये मिळणारी दक्षिण गोलार्धाची लस आपल्याला वेळेवर उपयोगी पडते. लस घेतल्यानंतर शरीरात पुरेसे संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. हिवाळ्याच्या तोंडावर आलेला साठा ऑक्टोबरमध्ये टोचून घेणाऱ्या संस्था आपला पावसाळा अगदी उघडा सोडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही नातेवाइकांनी एक वेगळीच शंका काढली होती. पूर्वी चार प्रकारच्या विषाणूंची लस मिळत असे, यंदा रुग्णालयाने तीन प्रकारांची आणली, म्हणजे पैसे वाचवले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही. इन्फ्लुएन्झा-बीचा यामागाता हा उपप्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही, म्हणून आता तीन प्रकारांच्या लसीकडे परत जाण्याची शिफारस झालेली आहे.

व्यवस्थेतील मला सर्वाधिक आवडलेली बाब लसीकरणाची वेळ ही होती. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा पाळ्या बदलण्याच्या तिन्ही वेळी, सलग तीन दिवस, लस देणारी सिस्टर स्वतः प्रत्येक मजल्यावर जात होती. रात्रपाळी करून घरी जाणाऱ्याला दुपारी पुन्हा बोलावले गेले नाही आणि कोणाच्याही पगारातून पैसे कापले गेले नाहीत. बाजारात या लसीच्या एका मात्रेला हजाराहून अधिक रुपये पडतात. महिन्याच्या पगारात घरभाडे आणि मुलांची फी बसवणाऱ्या सिस्टरला ही रक्कम स्वतःच्या खिशातून भरण्यास सांगितले असते, तर नियम कागदावरच राहिला असता. दंडावर अर्धा मिलिलीटर, त्यानंतर पंधरा मिनिटे बाकावर बसणे, आणि मग कामावर. आईला नेहमी यंत्राला जोडून देणारी सिस्टर दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘काका, हात जरा दुखतोय, बाकी काय नाही.’ ज्यांना ताप आला त्यांना एक दिवसाची पगारी रजा देण्यात आली, आणि या रजेमुळेच अनेकांची धास्ती कमी झाली असावी असे मला वाटते.

तरीही काही जणांचा विरोध होता, आणि तो मी गांभीर्याने ऐकला. एका ब्रदरचे (पुरुष परिचारकाचे) म्हणणे होते की मागे लस घेतल्यावरच त्याला फ्लू झाला. ही लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनवलेली असल्याने तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. परंतु संरक्षण तयार होण्याच्या त्या दोन आठवड्यांत आधीच शरीरात शिरलेला विषाणू किंवा दुसरी एखादी सर्दी माणसाला गाठू शकते, आणि मग दोष लसीवर येतो. दुसरा आक्षेप अधिक मोलाचा होता: लस घेऊनही फ्लू होतो, मग सक्ती कशासाठी? विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला जमलेल्या वर्षी लस फ्लूसाठी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. मेळ बिघडला तर त्याहून कमी. कर्मचाऱ्यांच्या लसीमुळे रुग्ण किती वाचतात याचा पुरावाही निर्विवाद नाही. स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात वृद्धांच्या दीर्घ मुक्कामाच्या रुग्णालयांत झालेल्या एका प्रयोगात, जेथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली होती तेथील रुग्णांचे मृत्यू १३.६ टक्के आणि इतरत्र २२.४ टक्के आढळले. मात्र रुग्णांमधील प्रत्यक्ष फ्लूच्या संसर्गात तेवढा फरक दिसला नाही, आणि पुढे अनेक तज्ज्ञांनी या अभ्यासांवर आक्षेप घेतले. हे सारे मान्य करूनही मी नियमाच्या बाजूने आहे. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना तो देऊ शकतो, त्यामुळे ‘आजारी वाटले तर येऊ नका’ ही सूचना एकटी पुरत नाही. आणि ज्या खोलीत दहा-बारा दुर्बळ माणसे चार तास यंत्राला बांधलेली असतात, तेथे अर्धे संरक्षणही मला नाकारावेसे वाटत नाही. याच कर्मचाऱ्यांनी हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असणे आपण केव्हाच गृहीत धरले आहे.

सक्ती हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविड लसीकरणासंबंधी दिलेल्या निकालात, कोणाही व्यक्तीवर लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असे सांगितले. त्याच निकालात सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात असलेले निर्बंध घालता येतात हेही मान्य केले. या रुग्णालयाचा नियम त्या चौकटीत बसतो असे मला दिसते. ज्याला लस नको आहे त्याने तसे लिहून द्यायचे, जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पूर्ण पाळीभर मास्क लावायचा, आणि त्या काळात त्याची नेमणूक डायलिसिस किंवा अतिदक्षता विभागात होणार नाही. नोकरी जात नाही आणि पगारही कमी होत नाही. अमेरिकेत सिएटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये लस ही नोकरीची अट केली, तेव्हा लसीकरणाचे प्रमाण पूर्वीच्या ५४ टक्क्यांवरून पहिल्याच वर्षी ९७.६ टक्क्यांवर गेले. पण तेथील परिचारिकांची संघटना लवाद आणि न्यायालयापर्यंत गेली आणि आपल्या सदस्यांना त्या अटीतून सोडवून आली. कर्मचाऱ्यांशी न बोलता वरून लादलेल्या नियमाचे असे होते. येथे एप्रिलमध्ये प्रत्येक विभागात बैठक झाली आणि त्यात सिस्टरांनी मोकळेपणाने प्रश्न विचारले, असे मला एकीहून अधिक जणींनी सांगितले.

येथवर लिहिलेले सर्व कौतुक मनापासूनचे आहे. माझी तक्रार यापुढे सुरू होते.

आईची खुर्ची पुसणाऱ्या, तिला उलटी झाली तर तिच्यापुढे भांडे धरणाऱ्या आणि पाय दुखू लागले की ते दाबून देणाऱ्या मावशींना मी मेअखेर सहज विचारले की तुम्ही लस घेतली का. त्या म्हणाल्या, ‘आमचं नाव यादीतच न्हाई ओ काका. आम्ही ठेकेदाराची माणसं.’ मी चौकशी केली तेव्हा समजले की सफाई, सुरक्षा, उपाहारगृह आणि रुग्णवाहिका ही चारही कामे ठेक्याने दिलेली आहेत आणि नियम केवळ रुग्णालयाच्या स्वतःच्या वेतनपटावरील लोकांना लागू आहे. चार तासांत डॉक्टर आईजवळ एकदा, फार तर दोनदा येतात. मावशी सात-आठ वेळा येतात. विषाणूला वेतनपट कळत नाही. ज्या हातांचा रुग्णाला सर्वाधिक वेळा स्पर्श होतो तेच हात यादीबाहेर ठेवले, तर बाकीच्यांना दिलेल्या लसीचा बराचसा उपयोग वाया जातो. शिवाय आजारपणाची पगारी रजाही या बायकांना नाही, म्हणजे ताप अंगावर काढून कामावर येण्याची वेळ सर्वांत जास्त त्यांच्यावरच येते. लसीची किंमत त्यांच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीइतकी आहे. ती त्यांनी स्वतः भरावी अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

दुसरी उणीव मास्कविषयीची आहे. लस नाकारणाऱ्या दोघांपैकी एकाचा मास्क मी जुलैमध्ये अनेकदा हनुवटीवर पाहिला, आणि नेमणुका बदललेल्या असूनही मनुष्यबळ कमी पडल्यावर त्याला डायलिसिस विभागात आणलेले पाहिले. त्या आठवड्यात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेले होते, पलीकडच्या गावांतून येणारे कर्मचारी अडकले होते आणि हजर असलेले दुहेरी पाळ्या करत होते. ती अडचण खरी होती आणि मी त्याबद्दल कोणाला दोष देत नाही. परंतु कोल्हापुरात पूरस्थिती ही अनपेक्षित गोष्ट राहिलेली नाही. २०१९ आणि २०२१ आपण सर्वांनी पाहिले आहे. फ्लूचा हंगाम आणि पुराचा हंगाम एकाच महिन्यांत येतात हे लक्षात घेऊन राखीव नावांची यादी जूनपूर्वीच तयार ठेवता येते.

तिसरी गोष्ट किरकोळ आहे. या नियमाची माहिती रुग्णांना कोणी देत नाही. मला ती एका ओळखीच्या फार्मासिस्टकडून कळली. प्रवेशाजवळच्या फलकावर ‘या विभागातील इतक्या कर्मचाऱ्यांपैकी इतक्यांनी यंदाची लस घेतली’ एवढे एक वाक्य लिहिले, तर नातेवाइकांना केंद्र निवडताना उपयोग होईल. कोणाचेही नाव देण्याची गरज नाही.

रुग्णांना लस सुचवण्याचे काम येथे चांगले होते, हे सांगायला हवे. आईला तिची लस मे महिन्यातच दिली गेली, आणि फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हाताला असल्यामुळे ती न विचारता उजव्या दंडावर दिली गेली. या पावसाळ्यात तिला एकदा सर्दी झाली, ती चार दिवसांत गेली. एका रुग्णाच्या एका पावसाळ्यावरून नियमाचे यश ठरत नाही, म्हणून मी ते यश म्हणून मांडत नाही.

पाचपैकी मी या व्यवस्थेला साडेतीन गुण देतो. लसीची निवड, वेळ, शीतसाखळी आणि कर्मचाऱ्यांशी वागण्याची रीत यांसाठी पूर्ण गुण दिले असते. कापलेला दीड गुण जवळजवळ सर्वस्वी मावशींच्या नावाचा आहे. कोल्हापुरात आई-वडिलांसाठी डायलिसिसचे किंवा केमोथेरपीचे केंद्र शोधणाऱ्यांना माझी विनंती आहे की यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे विचारण्याबरोबरच, येथे काम करणाऱ्यांना फ्लूची लस कोणत्या महिन्यात दिली जाते आणि ठेक्यावरच्या माणसांनाही ती दिली जाते का, हे दोन प्रश्नही अवश्य विचारा.

माझ्या पत्राला प्रशासकीय अधिकाऱ्यांनी उत्तर दिले आहे. सफाईचा ठेका मार्चअखेर संपतो आणि नव्या करारात लसीचा खर्च रुग्णालयाने उचलण्याचे कलम घालण्याचा विचार आहे, असे त्यात लिहिले आहे. एप्रिलमधल्या पहिल्या सोमवारी आईला आत सोडले की मी लसीची ती यादी पाहायला मागणार आहे.