चेस सेंटर, सॅन फ्रान्सिस्को: तिकीट बेंचसमोरचं घ्या

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो वरच्या मजल्याच्या पायऱ्यांपायी. पण माझे गुडघे नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळून आणि पुढे पोरांना शिकवून झिजलेत, त्याला चेस सेंटर तरी काय करणार!

लेकीकडे फ्रीमॉंटला मुक्कामाला होतो, तेव्हा तिथे 22 फेब्रुवारी 2024 चा वॉरियर्स-लेकर्स सामना पाहिला. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि चेस सेंटर हे वॉरियर्सचं घरचं स्टेडियम. लेकर्सचा स्टार लेब्रॉन जेम्स घोट्याच्या दुखण्यामुळे उतरणार नाही हे कळलं आणि जावईबापूंचा चेहरा पडला. मला त्याचं फारसं वाटलं नाही. मला बघायचा होता तो बेंचवर बसलेला क्ले थॉम्पसन.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा गडी वॉरियर्सच्या चारही अलीकडच्या अजिंक्यपदांचा भागीदार. 2015 मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध त्याने एकाच क्वार्टरमध्ये (12 मिनिटांत) 37 गुण केले होते. 2016 मध्ये इंडियानाविरुद्ध 29 मिनिटांत 60 केले. मग 2019 च्या फायनलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला, तो बरा होतोय तोवर टाचेचा स्नायूबंध तुटला, आणि परत खेळायला 941 दिवस लागले. चेस सेंटर उघडलं 2019 च्या सप्टेंबरात, त्यामुळे घरच्या या नव्या कोर्टवर तो पहिल्यांदा खेळला तो थेट जानेवारी 2022 मध्ये. आणि 15 फेब्रुवारी 2024 ला, यूटाविरुद्ध, वॉरियर्सचा कोच स्टीव्ह कर याने त्याला स्टार्टिंग फाइव्हमधून, म्हणजे सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांतून, काढलं आणि ब्रँडिन पॉडझेम्स्की या नवख्या पोराला त्या जागी घेतलं. 2012 नंतर क्ले पहिल्यांदाच बेंचवरून आला. आला आणि 35 गुण ठोकले. मी पाहिला तो त्याच्या पुढचाच सामना.

तिकीट काढताना जावईबापू बास्केटच्या मागची जागा धरून बसले होते, स्वस्त मिळत होती म्हणून. मी म्हटलं, नाही. एनबीएत दोन्ही संघांचे बेंच कोर्टच्या एकाच लांब बाजूला असतात, मध्ये स्कोअरर टेबल. आपल्याला समोरची बाजू हवी. वरचा मजला चालेल, पण वॉरियर्सच्या बेंचसमोर. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही मॅच बघायला चाललात की बसलेले लोक बघायला?" बसलेले लोकच बघायचे होते. (तिकीट पुनर्विक्रीच्या ज्या ॲपवरून घेतलं त्याचं नाव घेत नाही; शेवटच्या स्क्रीनवर जी फी उगवली, ती बघून लेकीने मला फोन दाखवायचंच बंद केलं.)

पैसे वसूल कुठे झाले ते सांगतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो. बेंचवरचा माणूस त्यात दिसला तर दोन सेकंद दिसतो, तेही कुणी तिसऱ्याने उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबला म्हणून. स्टेडियममध्ये नजर कुठे ठेवायची हे आपण ठरवतो. दिवे मंदावले, एकेका खेळाडूचं नाव पुकारलं गेलं, वॉरियर्सचा स्टार स्टेफ करी याच्या नावाला छप्पर हललं. त्या पाच नावांत क्ले नव्हता. पोरगं स्टार्टिंगमधून काढलं की त्याच्या मानेकडे बघावं, हे मी इतकी वर्षं कोचिंग करताना शिकलोय. चेहऱ्यावर सगळेच हसू आणतात, पण मान खोटं बोलत नाही. त्याची मान सरळ होती. टाइमआउटला उठून तो पुढे यायचा, आणि करी बाहेर आला की त्याला बसायला जागा करून द्यायचा.

मग तो उठला. वॉर्मअपचा शर्ट काढला, टेबलपाशी गेला आणि चेंडू थांबायची वाट बघत बसला. खेळ चालूच होता, काहीही विशेष घडत नव्हतं, आणि तरी आमच्या खालच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. त्या वर चढत आमच्यापर्यंत आल्या. शेजारच्या बाईंनी हातातले नाचोज मांडीवर ठेवले आणि उभ्या राहिल्या. स्टार्टिंगला नाव पुकारून होतो त्या जल्लोषापेक्षा मला हा जास्त खरा वाटला, कारण हा कुणी माइकवरून मागितलेला नव्हता.

बेंचवर जाणं म्हणजे उतरण, असं आपल्याकडे पालक धरून चालतात. नागपूरला स्टार्टिंगमधून कुणाला काढलं की रात्री वडिलांचा फोन ठरलेला: "सर, काहून काढलं हो आमच्या पोराला?" त्यांना मी सॅन अँटोनियोच्या मानू जिनोबिलीचं नाव सांगायचो. चार अजिंक्यपदं, 2004 चं ऑलिम्पिक सुवर्ण, आणि कारकिर्दीतला मोठा भाग बेंचवरून. याच वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला घ्या. कारकिर्दीतले सगळे 758 सामने त्याने स्टार्ट केलेले, करने 2014 मध्ये त्याला बेंचवर बसवलं, आणि त्याच मोसमात तो फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ठरला. नियमित मोसमातला एकही सामना स्टार्ट न करता! कर स्वतः शिकागोच्या बेंचवरून येऊन लांबून तीन-तीन गुणांचे बास्केट टाकणारा गडी, त्यामुळे त्याला हे सांगायचा अधिकारही आहे.

पण सुरुवात कोण करतो यापेक्षा शेवटची पाच मिनिटं कोर्टवर कोण असतो, हे खेळाडूला जास्त लागतं. त्याच फेब्रुवारीत ब्रुकलिनला शेवटच्या मिनिटांत करने क्लेला बाहेर ठेवलं होतं, आणि सामन्यानंतर बोलताना क्लेचा गळा दाटला होता. यूटाच्या रात्रीपेक्षा मला तरी ती रात्र अवघड वाटते. आमच्या सामन्यात मात्र तसा प्रसंगच आला नाही. वॉरियर्सनी 128-110 असा सहज जिंकला आणि शेवट नुसता हात हलवण्यात गेला.

आता बाकीचं. फ्रीमॉंटहून बार्ट रेल्वेने पॉवेल स्टेशन, तिथून म्युनीची (शहराच्या बस-ट्राम सेवेची) टी लाइन थेट दारात सोडते. सामन्याचं तिकीट म्युनीवर चालतं, वेगळे पैसे नाहीत. मागच्या बाजूला, खाडीच्या अंगाला, एकमेकांकडे तोंड करून आरशासारखे पाच मोठे गोल उभे आहेत, फोटो तिथे काढा. खाण्याबद्दल मत नाही, आम्ही पोळीभाजी खाऊन निघालो होतो. वरच्या रांगेतूनही आकडे वाचता येतील एवढा स्कोअरबोर्ड आहे, म्हणून म्हाताऱ्यांनी दुर्बीण वगैरे आणायची गरज नाही. आवाज मात्र दणदणीत असतो. कानाचं यंत्र वापरत असाल तर आधीच कमी करून ठेवा.

2024 च्या जुलैत क्ले डॅलस मॅव्हरिक्स संघात गेला, आणि 2025-26 च्या मोसमात तिथेही तो बहुतेक वेळा बेंचवरूनच येत राहिला. तो मॅव्हरिक्सबरोबर येणार असेल तर तिकीट काढताना बाजू तीच घ्या, फक्त टोक बदला. पाहुण्यांचा बेंच टेबलाच्या दुसऱ्या अंगाला असतो.