बिटवॉर्डनचे अकरा महिने: घरून ब्लॉग चालवणारीचा अनुभव

बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं अॅप, मी अकरा महिने वापरते आहे. सातव्या महिन्यातली गोष्ट आधी सांगते, कारण हा अनुभव लिहायला बसले ते तिच्यामुळेच.

एका संध्याकाळी मेल आला. तुमच्या डोमेनची (म्हणजे ब्लॉगच्या पत्त्यातल्या नावाची) मुदत उद्या संपते आहे, आज नूतनीकरण केलं नाही तर नाव दुसऱ्याला दिलं जाईल. ब्लॉगचं नाव अचूक होतं, मुदतही खरोखर त्याच महिन्यात संपत होती. (ही तारीख डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत कुणालाही पाहता येते, हे मला नंतर कळलं.) घाईघाईने लिंक उघडली, डोमेन विकणाऱ्या कंपनीचं ओळखीचं लॉगिन पान आलं. रकान्यात क्लिक केलं की बिटवॉर्डन लगेच खाली माझं खातं दाखवतं. त्या दिवशी काहीच दाखवलं नाही.

माझा पहिला विचार काय होता? ब्राउझरमधलं बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन अडकलंय. तिजोरी, म्हणजे बिटवॉर्डनमधला पासवर्डांचा साठा, उघडून पासवर्ड कॉपी करून चिकटवणार, एवढ्यात वर पत्त्याकडे नजर गेली. सुरुवात बरोबर होती, 'अमुक डॉट कॉम', पण पत्ता तिथे संपत नव्हता. पुढे 'डॉट रिन्यू हायफन तमुक डॉट नेट' होतं. सुरुवातीचं 'https://' सोडून पत्त्यातला पहिला तिरका दंड शोधायचा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचं; मालक कोण ते त्या शेवटच्या दोन तुकड्यांत असतं. (काही देशांच्या पत्त्यांत तीन.) त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो, अगदी दुसऱ्या कंपनीचं नावसुद्धा. कुलपाच्या चिन्हानेही काही सिद्ध होत नाही. चोरट्याच्या साइटलाही प्रमाणपत्र सहज मिळतं. त्यातून फक्त एवढंच कळतं की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये चाललेलं बोलणं वाटेत कुणी वाचत नाही. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं ते कुलूप काढूनच टाकलं.

माझे डोळे फसले होते, बिटवॉर्डन फसलं नाही. पान कसं दिसतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. साठवलेला पत्ता आणि समोरचा पत्ता जुळतो का, एवढंच ते पाहतं. पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवायची सोय, अशी माझी समजूत होती. आता माझ्या लेखी त्याचा खरा उपयोग हा आहे: चुकीच्या दारात ते गप्प राहतं. ते गप्प राहिलं की मी हात थांबवते. कॉपी करून चिकटवायचं नाही, हा नियम त्या दिवसापासून मोडलेला नाही.

आता मागे जाते. ब्लॉग सहा वर्षांचा आहे. मी लिहिते, ताई फोटो काढते आणि अधूनमधून लिहिते. आमच्याकडे तीन पासवर्ड होते, तेच आलटूनपालटून सगळीकडे, आणि एक वही. काळजी वाटली ती 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर माझा मेल पत्ता तपासला तेव्हा. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही साइट, फुटलेल्या माहितीत आपला पत्ता आहे का ते सांगते. माझा होता. एका जुन्या, विसरलेल्या सदस्यत्वातून फुटलेला. आणि त्या सदस्यत्वाला होता तोच पासवर्ड माझ्या होस्टिंगला, म्हणजे ब्लॉग ज्या सर्व्हरवर राहतो त्या सेवेला, होता. चोरांना अंदाज बांधत बसावं लागत नाही. फुटलेल्या मेल पत्ता-पासवर्डच्या जोड्या ते यंत्राकरवी शेकडो साइटवर लावून पाहतात. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते.

मी केपासएक्ससी या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरचाही विचार केला होता. त्यात सगळी तिजोरी एका फाइलमध्ये, आपल्याच संगणकावर राहते. ज्यांना काहीही ऑनलाइन ठेवायचं नाही त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. पण ताईचा फोन, माझा लॅपटॉप, माझा फोन असं ती फाइल फिरवत बसणं आमच्याकडून झालं नसतं. बिटवॉर्डन २०१६ मध्ये आलं, त्याचा कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे आणि फुकट खात्यातही पासवर्ड व उपकरणं कितीही चालतात. दोन जणांना काही नोंदी वाटून घेण्याची सोयही फुकट आहे. होस्टिंग, डोमेन आणि ब्लॉगच्या मेलचं खातं आम्ही दोघींनी तिथे ठेवलं. बाकी तिचं तिच्याकडे, माझं माझ्याकडे.

सगळ्यात जास्त वेळ गेला मास्टर पासवर्डवर, म्हणजे तिजोरी उघडणाऱ्या एकमेव पासवर्डवर, आणि तो जायलाच हवा होता. तो विसरला तर कंपनीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. कुलूप तुमच्या उपकरणावरच लागतं आणि उघडतं. नव्या खात्यांत मास्टर पासवर्डपासून किल्ली बनवताना ठरावीक गणित मुळातच ६,००,००० वेळा फिरवलं जातं, म्हणजे चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढी मेहनत पडते. पण पासवर्डच 'घरचं नाव अधिक जन्मसाल' असेल तर ही मेहनतही त्याला परवडते.

फासे टाकून शब्द निवडायची पद्धत आहे. तिच्या तयार याद्या इंग्रजी शब्दांच्या मिळतात, आणि मला ते शब्द पाठच होईनात. मग ताई आणि मी दोन दुपारी बसून मराठी शब्दांची यादी केली: बरोबर १,२९६ शब्द, कारण चार फाशांची दानं तितकीच पडतात. खलबत्ता, उंबरठा, घुंगरू, असे. चार फासे टाकायचे, येईल तो शब्द घ्यायचा, असं सात वेळा. आवडला नाही म्हणून शब्द बदलायचा नाही. आवडीनिवडी आल्या की अंदाज बांधता येतो. सात शब्दांच्या शक्यता होतात सुमारे ६ वर २१ शून्यं. यादी कुणाच्या हाती लागली तरी बिघडत नाही, जोर फाशांचा आहे. टाइप करायचं रोमन लिपीत, कारण परक्या संगणकावर देवनागरी असेलच असं नाही. म्हणून नंतर ठरवून टाकलं: दीर्घ स्वरासाठी अक्षर दुप्पट करायचं नाही, 'ळ'साठी नेहमी एकच अक्षर. हे ठरवलं नव्हतं तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज दोनतीनदा चुकत होते. आता बोटं आपोआप चालतात.

जुन्या खात्यांचे पासवर्ड बदलायला सहा आठवडे लागले. एका दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका, हात टेकाल. आधी मेल, मग डोमेन आणि होस्टिंग, मग ब्लॉग, मग बाकीचे, हाच क्रम ठेवा. मेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचं 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन पोचतं. इथे एक खाचही आहे. तिजोरीला दोन पायऱ्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) लावली नसेल, तर नव्या उपकरणावरून लॉगिन करताना बिटवॉर्डन मेलवर कोड पाठवतं. मेलचा पासवर्ड फक्त तिजोरीत असेल तर? मेल उघडायला तिजोरी हवी आणि तिजोरी उघडायला मेल. म्हणून तिजोरीला दुसरी पायरी लावाच, आणि तिचा रिकव्हरी कोड (दुसरी पायरी हाताशी नसली तर आत जाण्यासाठी मिळणारा राखीव कोड) कागदावर लिहून ठेवा.

दुसऱ्या पायरीसाठी कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपचा माझा अनुभव चांगला आहे. क्यूआर स्कॅन करताना साइट आणि फोन एक गुप्त किल्ली वाटून घेतात, आणि पुढे दोघंही घड्याळ पाहून दर ३० सेकंदांनी तोच सहा आकडी कोड स्वतंत्रपणे काढतात. म्हणून तो इंटरनेट नसतानाही चालतो आणि सिमकार्ड बळकावणाऱ्याच्या हाती लागत नाही. एकदा ताईचे कोड सारखे नाकारले जात होते. "अगं, मी हातानेच वेळ लावली होती," ती म्हणाली. घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं. वेळ आपोआप घ्यायला सांगितली आणि प्रश्न मिटला.

माझ्या हातून झालेलं नुकसान मोठं होतं. चौथ्या महिन्यात फोन पाण्यात पडला. बहुतेक खात्यांचे रिकव्हरी कोड लिहिलेले होते, वृत्तपत्रिका पाठवायच्या सेवेचे नव्हते. त्यांच्या मदत विभागाशी सतरा दिवस पत्रव्यवहार चालला. तेवढे दिवस वाचकांना एकही अंक गेला नाही. आता प्रत्येक खात्याचे कोड, मास्टर पासवर्डसकट, एका बंद पाकिटात आहेत आणि तशीच एक प्रत ताईच्या घरी. वही वाईट म्हणून मी सुरुवात केली होती. पण घरातल्या कागदापर्यंत जगाच्या दुसऱ्या टोकाचा चोर पोचत नाही. वाईट होते ते सगळीकडे लावलेले तेच ते तीन पासवर्ड.

ब्लॉगवर काय बदललं ते थोडक्यात. आमचा ब्लॉग वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. ताईचं आणि माझं, दोन्ही खाती प्रशासकाची होती. रोज लिहायला तो अधिकार लागतच नाही. आता लिहायचं 'संपादक' खात्यातून, आणि प्रशासकाचं खातं वेगळं, ते महिन्यातून दोनदा उघडतं. एकवीस प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम) होते, नऊ काढले. नुसते बंद केले नाहीत, काढून टाकले. बंद प्लगइनच्या फायली सर्व्हरवर तशाच पडून असतात आणि त्यातली भोकंही. फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद केली, म्हणजे फोटोबरोबर घराचे अक्षांश-रेखांश जात नाहीत.

बॅकअपबद्दल मात्र थांबून सांगते, कारण मी पाच वर्षं चुकीच्या समजुतीत होते. दर महिन्याला मी वर्डप्रेसच्या 'निर्यात' बटणाने फाइल उतरवून घ्यायचे आणि निश्चिंत असायचे. आठव्या महिन्यात ती फाइल घरच्या संगणकावर रिकाम्या वर्डप्रेसमध्ये भरून पाहिली. लेख आले, प्रतिक्रिया आल्या. मग संगणकाचं इंटरनेट बंद केलं आणि सगळे फोटो गेले. त्या फाइलमध्ये फोटो नसतातच, फक्त त्यांचे पत्ते असतात. सर्व्हर गेला असता तर ताईची सहा वर्षांची मेहनत गेली असती. आता डेटाबेस आणि फोटोंचा 'अपलोड्स' फोल्डर दोन्ही उतरवते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर: छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा हिशोब आम्हाला नेमका बसला. बिटवॉर्डनची तिजोरीही कूटबद्ध फाइल म्हणून दर महिन्याला त्याच ड्राइव्हवर जाते. निर्यात करताना फाइलला स्वतःचा पासवर्ड द्यायचा पर्याय निवडा. नुसतं खात्याशी बांधलेलं कूटबद्धीकरण निवडलं तर ते खातं गेल्यावर फाइलही उघडत नाही.

बिटवॉर्डनमध्ये काय नाही, हेही सांगायला हवं. ऑथेंटिकेटरचे कोड तिजोरीतच ठेवायची सोय आणि अडचणीच्या वेळी विश्वासू माणसाला तिजोरी उघडू देण्याची सोय सशुल्क खात्यात आहे. पहिली मला नकोच आहे, पासवर्ड आणि कोड एकाच जागी असू नयेत असं माझं मत आहे. दुसरीसाठी पाकीट आहे. 'पान उघडताच आपोआप भरा' हा पर्याय मुळात बंद असतो. तो बंदच राहू द्या. आणि काही साइट लॉगिन दोन पानांत तोडतात किंवा विचित्र रकाने वापरतात, तिथे पासवर्ड भरला जात नाही. अशा ठिकाणी ते गप्प आहे ते खोट्या पत्त्यामुळे की रकान्यामुळे, हे ओळखायला एक्स्टेन्शनचं चिन्ह पाहते. पत्ता जुळत असेल तर चिन्हावर जुळणाऱ्या नोंदींचा आकडा दिसतो. आकडा नसेल तर पान बंद करते आणि साइट स्वतः पत्ता टाइप करून उघडते.

सहा आकडी कोडचीही एक मर्यादा आहे. खोट्या पानावर तो टाइप केला तर चोर त्याच ३० सेकंदांत खऱ्या साइटवर वापरू शकतो. पासकीचं, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात ठेवलेल्या डिजिटल किल्लीचं, तसं नाही. ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानाला देताच येत नाही. मेल आणि डोमेनचं खातं गेल्या महिन्यात पासकीवर नेलं. आमची होस्टिंग सेवा अजून पासकी घेत नाही. त्यांना दोनदा लिहिलं आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिणार आहे.