पोर्ट्रेट: हलका हात की पूर्ण रिटच?

हलक्या एडिटिंगमध्ये एक्स्पोजर (फोटोतला उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगांची पिवळी-निळी झाक) नीट करायचा आणि हीलिंग ब्रशने चार दिवसांत जाणारी पुटकुळी काढायची. तीळ, व्रण तसेच. पूर्ण रिटचमध्ये फ्रिक्वेन्सी सेपरेशनने त्वचेचा पोत एका लेयरवर (थरावर), रंग दुसऱ्यावर घेऊन डागांचा रंग आजूबाजूच्या त्वचेशी जुळवतात. वेळखाऊ काम, पण दागिन्यांच्या जाहिरातीला तेच हवं. कोल्हापुरी साजावरून नजर गालावरच्या डागाकडे जायला नको. (पोत पुसला गेला, की चेहरा मेणाचा!)

तालमीतल्या पैलवानाचा फोटो असेल तर मी हलक्या हाताचा. मोडून जाड झालेले कान, मानेला चिकटलेली लाल माती ही त्याची कमाई. तीच गुळगुळीत केली तर उरलं काय?

लग्नाच्या अल्बमला रिटचच्या लेयरची ओपॅसिटी (ठळकपणा) निम्म्यावर आणावी. नवरीच्या आईला विचारूनच, हे वेगळं सांगायला नको.