जळक्या रबराचा वास आणि चिपळूणचं एक गॅरेज

गेल्या महिन्यात आईला घेऊन कराडहून चिपळूणला निघाले होते. कुंभार्ली घाट उतरून पोफळीच्या जवळ आलो आणि गाडीत जळक्या रबराचा वास भरला. आई म्हणाली, "कुणीतरी टायर जाळतंय वाटतं." काचा खाली केल्या, दोन किलोमीटर पुढे गेलो, तरी वास आमच्या सोबतच.

मला तो वास नवा नव्हता. पंधरा दिवस आधी एका सर्व्हिस सेंटरला दाखवलं होतं. त्यांनी गाडी जागची न हलवता 'क्लच प्लेट गेली' म्हणून ११,८०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. पगार व्हायचा होता, म्हणून थांबले होते.

चिपळूणला मावसभावाने बहादूरशेख नाक्याच्या पुढचं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याची शेड, बोर्ड नाही, दारात फणस. आतल्या भिंतीवर छातीच्या वर चिखलाची रेघ अजून आहे, २२ जुलै २०२१च्या पुराची. गॅरेजवाल्या काकांनी ती मुद्दाम पुसलेली नाही.

काकांनी आधी बोनेट उघडलंच नाही. प्रश्न विचारत बसले. वास एसी लावल्यावर येतो का? गाडी सुरू करताना चिरकल्यासारखा आवाज होतो का? चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, असं होतं का? आत जास्त येतो की खाली उतरल्यावर, आणि कुठल्या बाजूने? पहिल्या तिन्हींना मी नाही म्हटलं. बेल्ट घसरत असता तर एसीचा लोड आल्यावर वास वाढला असता, क्लच असता तर चढाला कळलं असतं, असं त्यांनी समजावलं. शेवटच्या प्रश्नावर मात्र मी अडखळले, कारण बाजू मी कधी बघितलीच नव्हती. आई मागून म्हणाली, "डावीकडून. मी डाव्या खिडकीशी बसते ना."

मग त्यांनी स्वतः गाडी फिरवून आणली. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून सोडली, तर ती लगेच अडखळून थांबली. परत आल्यावर चाकाच्या जाळीतून तापमान मोजायची बंदूक धरली. पुढची उजवी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, ६८ अंश, डावी २१४. आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला. त्या चाकावर मी आईला बसवून अख्खा घाट उतरवला होता.

जॅक लावल्यावर डावं चाक हाताने फिरेना. काकांनी कॅलिपरचा (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू, थोडा सैल केला. ऑइलचा दाब अडकलेला असता तर चाक सुटलं असतं, ते सुटलं नाही. म्हणजे खोट कॅलिपरमध्येच. खोलल्यावर खालची स्लाइड पिन, जिच्यावर कॅलिपर मागेपुढे सरकतो ती, गंजून घट्ट बसलेली निघाली. तिचं रबरी टोपण फाटलेलं, आत पाणी शिरलेलं, ग्रीसचा पार चिखल. कॅलिपर सरकेना, त्यामुळे पॅड डिस्कला घासतच राहिले. आतलं पॅड २ मिलिमीटर उरलं होतं, बाहेरचं ७. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचं रबर कडक होऊन तडकलं होतं. काकांनी ते नाकाशी धरायला दिलं, आणि मला पोफळीचा तोच वास आला. पुरानंतर अशा पिना त्यांनी ढिगाने सोडवल्यात म्हणे.

मागची लक्षणं तेव्हा आठवली. डाव्या रिमवर काळी भुकटी जास्त साचायची, गाडी जराशी डावीकडे ओढायची, ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलं होतं. सगळं दिसत होतं, मी ते जोडून पाहिलं नव्हतं.

काम नीट केलं. दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक कमी-जास्त लागतो. नव्या पिना, नवी रबरं, तापलेलं ब्रेक ऑइल काढून नवं. पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते, हे शिकाऊ पोराला ते तीनदा बजावत होते. डिस्कची जाडी मोजून 'ही चालेल, उगाच कशाला बदलायची' म्हणाले. जुना माल माझ्यासमोर मांडला. पॅड १,४५०, पिना-रबरांचं किट ६००, ऑइल २८०, मजुरी ९००. एकूण ३,२३० रुपये, साध्या कागदावर पण एकेक ओळ लिहून.

तक्रारी आहेत. दोन तास सांगून पाच लावले. बसायला एकच स्टूल, ते मी आईला दिलं. फोन कुणी उचलत नाही, जाऊनच भेटावं लागतं. आईसारखं वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्यांना आधी घरी सोडून या.

निघताना काका म्हणाले, "ताई, वास आला की बाजूला घ्या आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एक जास्त तापलं असेल तर तिथेच बोलवा कुणाला तरी. उतारावर सेकंड गियर." परतीला हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेला. ऊब दोन्हीकडे सारखीच होती. आईनेही वाकून तिच्या बाजूच्या चाकाजवळ वास घेऊन पाहिला.