जुन्या हायब्रिडचं मायलेज वर-खाली: टाकीचा हिशोब की स्कॅनर?

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी. टाकीच्या हिशोबाला खर्च नाही. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा आणि पुढच्या वेळी किलोमीटरला लिटरने भागायचं. एका टाकीवर भरवसा नको. नोझल लवकर बंद झालं तर लिटर-दोन लिटरचा फरक सहज पडतो. 3-4 टाक्यांची सरासरी काढा, टायरची हवा आणि फेऱ्यांची लांबीही टिपून ठेवा. मायलेज खरंच घसरलंय का, ते कळतं. का घसरलंय, ते नाही.

त्यासाठी ओबीडी स्कॅनरच हवा, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून आतली माहिती वाचणारं यंत्र, आणि तोही हायब्रिड बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा (सेलच्या गटाचा) व्होल्टेज दाखवणारा. नुसते एरर कोड वाचणारा इथे कामाचा नाही, कारण कोड फार उशिरा येतो. निकेल बॅटरीत जोरात वेग घेताना एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा 1 व्होल्टभर खाली जात असेल, तर तो थकलाय: चार्ज झपाट्याने चढतो-उतरतो आणि इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होतं. बॅटरी तापत असेल तर आधी तिच्या कूलिंग फॅनची जाळी साफ करा. सलग हायवेवरही कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) 70 अंश सेल्सियसपुढे जात नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे त्याचा प्रवाह सांभाळणारी झडप, उघडा अडकल्याचा संशय घ्या. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात सतत करत असलेली वाढ-घट) +10 टक्क्यांच्या वर राहिला तर एअर लीक आणि एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) तपासा.

घासणारा ब्रेक मात्र स्कॅनरला दिसत नाही. हायब्रिडमध्ये डिस्क-पॅड कमी वापरले जातात, त्यामुळे कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकू शकतात. फेरीनंतर एकच चाक जास्त गरम लागलं तर तिथेच बघा.